सिंहस्थ ते सिंहस्थ : बारा वर्षांचे ध्येय ठरवताना रोजचे पाऊल कुठून उचलावे?

अंबडचा फिटर

सर्वांना नमस्कार.

मी सिडकोत राहतो आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अनेक वर्षांपासून नोकरी करतो. आमच्या नाशिकमध्ये मोठा काळ मोजायचा असेल तर माणसे सिंहस्थ मोजतात, आणि माझ्या मनातही तोच हिशोब चालू असतो. २००३ च्या सिंहस्थात मी अठरा वर्षांचा होतो; आयटीआयचा फिटरचा अभ्यासक्रम त्याच वर्षी पूर्ण झाला होता आणि रामकुंडाच्या गर्दीत मी स्वयंसेवक म्हणून उभा होतो. २०१५ च्या सिंहस्थात तीन वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन तपोवनातले साधुग्राम पाहायला गेलो. त्या दिवशी परतताना पत्नीला मी मनापासून सांगितले होते की पुढच्या सिंहस्थापर्यंत माझी पदवी पूर्ण झालेली असेल, तंबाखू सुटलेली असेल, आणि अडीअडचणीला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही इतके पैसे आपल्याजवळ असतील.

पुढचा सिंहस्थ २०२७ साली आहे, म्हणजे दारातच आला आहे, आणि यातले एकही काम झालेले नाही. १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बारावी झालो होतो. नंतर मुक्त विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेशही घेतला, परंतु परीक्षेला बसलो नाही. दर गुढीपाडव्याला मी वहीत चार संकल्प लिहितो : पदवी, तंबाखू, रोजचे चालणे आणि बचत. पहिला आठवडा सगळे नीट चालते. दुसऱ्या आठवड्यात पाळी बदलते, झोपेची वेळ बदलते आणि घडी विस्कटते. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्या वहीकडे पाहण्याचेही धैर्य राहत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. २०३९ च्या सिंहस्थात मी चौपन्न वर्षांचा असेन आणि निवृत्तीला चार वर्षे उरलेली असतील. इतक्या लांबचे ध्येय ठेवणे योग्य आहे का, की त्याच्या ओझ्यानेच माणूस बसतो? आणि ज्याचे घड्याळ दर आठवड्याला बदलते, त्याने रोजची सवय लावायची तरी कशी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

रात्रपाळी

दादा, मी परिचारिका आहे आणि तेवीस वर्षे पाळ्यांमध्ये काम केले आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

आपल्यासारख्या लोकांनी सवय घड्याळाला बांधू नये, कारण घड्याळ आपल्या ताब्यात नसते. पाळी कोणतीही असली तरी काही गोष्टी त्याच क्रमाने घडतात : आपण उठतो, चहा घेतो, डबा भरतो, कामावरून परत येतो, हातपाय धुतो. सवय यांतल्या एखाद्या गोष्टीला बांधावी. ‘सकाळी सहाला चालायला जाईन’ हे वाक्य रात्रपाळीच्या आठवड्यात खोटे ठरतेच. ‘झोपून उठल्यावर चहा झाला की चपला घालून बाहेर पडेन’ हे वाक्य तिन्ही पाळ्यांत खरे राहते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी या पद्धतीचा बराच अभ्यास केला आहे. अमुक घडले की मी तमुक करीन, असे आधीच नेमके ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून, नुसता संकल्प करणाऱ्यांच्या तुलनेत, काम पार पडण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. मला हे वाचनातून फार उशिरा कळले; त्याआधी कित्येक वर्षे मी स्वतःला आळशी समजत होते, आणि आज त्याचे वाईट वाटते.

दुसरे म्हणजे, एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्वत्र सांगितले जाते, त्यावर विसंबून राहू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी कृती आपोआप घडू लागण्यास लागलेला मध्यक काळ (म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा होता, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे पाडव्याला सुरू केलेली गोष्ट अक्षय्य तृतीयेला अंगवळणी पडलेली नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. ती पडायची वेळच आलेली नव्हती. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी माझ्या कपाटाच्या दारावर लिहून ठेवली आहे : मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला म्हणावा असा धक्का बसत नाही. तुम्ही पाळी बदलल्यावर दोन दिवस चुकलात आणि वही मिटून ठेवलीत. नुकसान झाले ते वही मिटल्यामुळे.

तंबाखूचा विषय मात्र या तिघांपासून वेगळा काढा. तिथे नवी सवय लावण्याचा प्रश्न नाही, शरीर निकोटिनला चटावलेले असते. त्यासाठी एक तारीख ठरवा, त्या तारखेच्या आदल्या रात्री पुडी आणि चुन्याची डबी घरातून बाहेर काढा, कामाच्या कपड्यांचे खिसेही तपासा. पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप बिघडते, आणि पुढच्या काही आठवड्यांत हा त्रास ओसरतो. तलफ येते तेव्हा ती न संपणारी वाटते, प्रत्यक्षात ती थोड्या मिनिटांची असते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा, पाणी प्या, जागेवरून उठा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टीही घेता येते. ती घेण्यात कमीपणा नाही. आणि इतकी वर्षे तंबाखू मळत असाल तर एकदा दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्या. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल किंवा आत पांढरा अथवा लाल चट्टा दिसत असेल, तर ही तपासणी याच आठवड्यात करा. रुग्णालयात मी जे पाहिले आहे, त्यामुळे हे कळकळीने लिहीत आहे.

पतसंस्थेतील कारकून

बचतीपुरते सांगतो. चारही संकल्पांत याला सर्वांत कमी निर्धार लागतो, कारण हे काम एका दिवसात होते. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम आपोआप वळती होईल, अशी लेखी सूचना बँकेला द्या. अडीअडचणीसाठी आवर्ती ठेव ठेवा. टपाल खात्यातील आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते. लांबच्यासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते, म्हणजे पीपीएफ, आहे. खाते उघडले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून १५ वर्षे धरायची, म्हणजे आता उघडलेत तर अठ्ठावन्न पूर्ण होण्याच्या आत ते परिपक्व होईल. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी खाते जिवंत राहते. भिशीत पैसे अडकवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

निफाडचा बागायतदार

भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाने मला लिहायला बसवले.

तुम्ही नाशिककर आहात, म्हणजे द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते हे तुम्हाला ठाऊक असेल. पण ती का होते हे बागेबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. ऑक्टोबरची गोडी छाटणी सर्वांना समजते, कारण तिच्यानंतर घड दिसतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. एप्रिलची खरड छाटणी मात्र पाहणाऱ्याला विचित्र वाटते. सगळ्या काड्या एकदोन डोळ्यांवर कापून टाकायच्या, उन्हाच्या तडाख्यात बाग उघडी बोडकी करायची, पाणी, खत, मजुरी सगळे द्यायचे, आणि फळ काहीच नाही. परंतु त्या छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. डोळ्यात घड तयार होत असतो आणि वरून पाहणाऱ्याला नुसती हिरवी काडी दिसते. त्या दिवसांत काळजी घेतली गेली नाही, तर ऑक्टोबरमध्ये कितीही खर्च केला तरी घडाच्या जागी बाळी, म्हणजे फळ न धरणारा तंतू, निघते.

बारा वर्षांचे ध्येय आणि रोजचे काम यांचा संबंध मला तरी या दोन छाटण्यांसारखा वाटतो. तुम्ही २०१५ साली जे ठरवले ते सगळे ऑक्टोबरचे होते : पदवी असेल, पैसे असतील. त्यासाठी कोणत्या महिन्यात काय करायचे, हे ठरलेले नव्हते. लांबचे ध्येय जरूर ठेवा, कारण कोणती काडी राखायची हे त्याच्याशिवाय कळत नाही. मात्र ते वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहा आणि पान उलटा. रोज त्याच्याकडे पाहिले की आजचे अर्ध्या तासाचे काम क्षुल्लक वाटू लागते.

दुसरी गोष्ट मला नुकसान सोसून शिकावी लागली. वेलीवर लागलेले सगळे घड कधी ठेवायचे नसतात. वेलीच्या ताकदीप्रमाणे घडांची संख्या ठरवायची, बाकीचे काढून टाकायचे आणि राहिलेल्या घडांतही विरळणी करायची. आपल्याच हाताने पोसलेला घड कात्रीने कापताना हात थांबतो. तरुण असताना मी ते घड ठेवत असे. मणी लहान राहिले, साखर भरली नाही, आणि पुढच्या वर्षी वेलही दमली. तुमचे चार संकल्प चांगले आहेत, पण पाळीत काम करणारा माणूस ही एक वेल आहे. बचतीचे काम वरच्या दादांनी एका दिवसाचे करून दिले. उरलेल्या तिनांपैकी या वर्षी एकच राखा. माझे विचाराल तर पदवी राखा, कारण तुमच्या लिहिण्यात ती पहिल्यांदा आली आहे.

तिसरे, फळ आपल्या हातात आहे असे धरून चालू नका. एका वर्षी मालाची बोली ठरली होती, व्यापारी चार दिवसांनी येणार होता, आणि त्याआधीच्या रात्री अवकाळी पाऊस झाला. मणी तडकले. मी एकरी इतके टन काढायचेच, असे ध्येय धरून बसलो होतो, आणि त्या सकाळी आपण नालायक आहोत असे मला वाटले. त्या वर्षाचे कर्ज फेडायला पुढचे तीन हंगाम गेले. त्यानंतर मी नोंदवहीत टनांचा आकडा लिहिणे सोडले आणि ज्या कामांवर माझा ताबा आहे तीच लिहू लागलो : फवारणी वेळेवर झाली का, शेंडा मारला का, पाणी मोजून दिले का. पावसाचे वर्ष आले तरी त्या वहीतली पाने रिकामी राहत नाहीत, आणि पुन्हा उभे राहायला ती पाने उपयोगी पडतात. तुम्हीही ‘प्रथम श्रेणी मिळवेन’ असे लिहू नका. ‘आज पाच पाने वाचली’ एवढेच लिहा.

रात्रपाळी

बागायतदार काकांचे म्हणणे पटले, तरी क्रमाबद्दल माझा मतभेद आहे. पदवी मनाच्या जवळची आहे हे खरे, पण तंबाखू दर महिन्याला शरीरातून काहीतरी घेऊन जात आहे. तिला पुढच्या वर्षावर ढकलू नये. दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नयेत, इतके पुरे. तंबाखू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पुस्तक हातात धरवत नाही.

मुक्त विद्यार्थिनी, गंगापूर रोड

मी अडतिसाव्या वर्षी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले, म्हणून पदवीबद्दल दोन शब्द.

हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्याच गावाजवळ, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन येथे आहे. नाशिकमध्ये राहून आपण त्याचा लाभ घेऊ नये, याची मला नेहमी खंत वाटते. प्रवेश अभ्यासकेंद्रामार्फत होतो, पुस्तके मराठीत असतात आणि ती घरी एकट्याने वाचता यावीत अशा पद्धतीने लिहिलेली असतात. जुना प्रवेश कोणत्या स्थितीत आहे हे केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन विचारा. तर्काने ठरवू नका. मी स्वतः तर्क करत दोन वर्षे घालवली.

परंतु त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्या : पदवी कशासाठी हवी आहे? कारखान्यात वरची जागा मिळावी म्हणून हवी असेल, तर फिटरला बी.ए.चा कितपत उपयोग होईल याची चौकशी आधी करा. कदाचित अभियांत्रिकी पदविकाच विचारली जाईल. आणि स्वतःसाठी हवी असेल, तर तसे मोकळेपणाने मान्य करा आणि आवडीचा विषय घ्या. माझे पहिले दोन प्रयत्न फसले ते याच गोंधळामुळे. मी वाणिज्य घेतले होते, कारण घरच्यांना ते उपयोगी वाटत होते. रात्री नऊनंतर, भांडी आवरून झाल्यावर, त्या पुस्तकाकडे माझा हात जात नव्हता. मराठी घेतल्यावर तोच हात आपणहून जाऊ लागला.

तुम्ही प्रश्नात पत्नीला सांगितल्याचा उल्लेख केला आहे, पण पत्नीला विचारल्याचा नाही. माझ्या घरी जे बदलले ते विचारल्यामुळे बदलले. एका रविवारी आम्ही सगळे बसलो आणि माझ्या अभ्यासाच्या दीड तासात कोणते काम कोण करील, हे ठरवले. सासूबाईंनी भाजी निवडण्याचे काम घेतले, मुलाने पाणी भरण्याचे. जे वेळापत्रक मी एकटीने केले होते ते मोडले की मी एकटीच खंतावत असे. हे मोडले की चौघांच्या लक्षात येत असे. घरी जागा नसेल तर वाचनालयात बसा. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, आणि शांत खोलीत घालवलेला एक तास घरच्या तीन तासांइतका असतो, असा माझा अनुभव आहे.

अंबडचा फिटर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार दिवस विचार करून आणि घरी बोलून हे लिहीत आहे.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी आजवर कोणाला दिले नव्हते. मला पदवी इतिहासासाठी हवी आहे. लहानपणापासून आम्ही पांडवलेण्यांवर जातो. तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख मी शेकडो वेळा पाहिला आहे. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम त्या आईने तिथे कोरवून घेतला आहे, आणि मला त्यातले एक अक्षर वाचता येत नाही. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची नोंद आहे, हेही मला दुसऱ्याने सांगितले म्हणून माहीत. ही ओढ पगारवाढीशी जोडण्याचा प्रयत्न मी इतकी वर्षे करत होतो, कारण नुसत्या आवडीसाठी घरचा वेळ घेणे मला अपराधासारखे वाटत होते. पत्नीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “हे आधीच सांगितले असते तर बरे झाले असते, मला वाटत होते तुम्हाला साहेब व्हायचे आहे.”

तेव्हा असे ठरले आहे. आवर्ती ठेवीचा अर्ज काल भरून दिला. तंबाखू येत्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात, सोमवारी सोडायची. डबी फेकण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे. मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर जुन्या प्रवेशाची चौकशी याच महिन्यात करणार आहे, परंतु अभ्यासाला हात तंबाखू सोडून दोन महिने झाल्यावरच लावायचा. चालण्याचा वेगळा संकल्प मी वहीतून खोडला. साप्ताहिक सुट्टीला मुलीसोबत लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, आणि त्या शिलालेखांच्या ब्राह्मी लिपीची अक्षरे दोघांनी मिळून शिकायची, एका वेळी पाच. २०३९ वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे पान उलटले.

रात्रपाळी

फार बरे वाटले, दादा. एकच दुरुस्ती सुचवते. पहिल्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात तुमची रात्रपाळी असेल, तर सोमवारी तुमची झोप अपुरी असेल आणि अपुऱ्या झोपेत तलफ जास्त छळते. दोन रात्री पूर्ण झोप घ्या आणि डबी बुधवारी मुलीच्या हातात द्या.